दवाखाना सुरू ठेवून साठवण कशी बदलतात?

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय वर्धा जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. या शतकाच्या पहिल्या दशकात सी-डॅक या संस्थेच्या सहकार्याने तेथे संगणकावर चालणारी रुग्णालय माहिती प्रणाली आली. अशा प्रणालीमुळे रुग्णाचा केसपेपर, रक्ताच्या तपासणीचा अहवाल, क्ष-किरण चित्रे, औषधांची नोंद हे सारे कागदावरून संगणकाच्या साठवणीत जाते. कागद हरवत नाही, शोधावा लागत नाही. पण त्याबरोबर एक नवी अडचणही येते.

शाळेला दिवाळीची सुट्टी असते, कचेरीला रविवार असतो. दवाखान्याला दोन्ही नसतात. रात्री दोन वाजता साप चावलेला शेतमजूर येतो आणि डॉक्टरांना त्याचे जुने कागद तेव्हाच हवे असतात. मग ज्या आज्ञावलीच्या भरवशावर हे सारे कागद ठेवलेले आहेत, ती आज्ञावलीच बदलायची वेळ आली तर काय करायचे? आणि ती वेळ येतेच. आज्ञावलीत दोष सापडतात, चोरवाटा उघड होतात, आणि काही वर्षांनी जुन्या आवृत्तीच्या दुरुस्त्या मिळणे बंद होते. न बदलणे हाही धोकाच असतो.

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांत हा बदल ‘पॅकेज मॅनेजर’ या साधनाने करतात. ते काय करते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते काय करू शकत नाही, हे या लेखात पाहू या. समजावून सांगण्यासाठी आम्ही तीन सर्व्हर असलेले एक कल्पित रुग्णालय घेतले आहे. त्यात वापरलेल्या आज्ञावल्या आणि त्यांचे नियम मात्र खरे आहेत.

पॅकेज म्हणजे काय?

आज्ञावली म्हणजे एकच फाइल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती शेकडो फाइलींची बनलेली असते. मुख्य प्रोग्राम, त्याला लागणारे सामायिक भाग, मांडणीच्या सूचना, माहितीपुस्तिका अशा अनेक फाइली संगणकात वेगवेगळ्या जागी ठेवाव्या लागतात. लिनक्सच्या सुरुवातीच्या काळात हे काम हातानेच करावे लागे. वर्षभराने कोणती फाइल कोणत्या आज्ञावलीची, हे कोणालाच सांगता येत नसे.

यावर उपाय म्हणजे पॅकेज. आज्ञावलीच्या सर्व फाइलींचा एक गठ्ठा बांधायचा आणि त्याला एक चिठ्ठी जोडायची. आज्ञावलीचे नाव काय, आवृत्ती कोणती, ती चालण्यास आणखी कोणती पॅकेजे लागतात, कोणाशी तिचे जमत नाही, हे सारे त्या चिठ्ठीवर असते. पॅकेज मॅनेजर ही चिठ्ठी वाचतो, फाइली जागच्या जागी ठेवतो आणि आपल्या नोंदवहीत लिहून ठेवतो. शाळेत डेडस्टॉक रजिस्टर असते, तशीच ही नोंदवही समजावी. कोणती वस्तू केव्हा आली, कोठे आहे, काढून टाकायची तर काय काय काढायचे, ते त्यावरून कळते.

इयन मर्डॉक या तरुणाने १९९३ मध्ये डेबियन हा लिनक्सचा प्रकार जाहीर केला. त्यासाठी १९९४ मध्ये ‘डीपीकेजी’ हे साधन तयार झाले. १९९५ मध्ये रेड हॅट कंपनीच्या लिनक्समध्ये ‘आरपीएम’ आले. ही दोन्ही साधने हाती दिलेला गठ्ठा उघडून बसवीत, पण त्याला लागणारे इतर गठ्ठे शोधून आणत नसत. ते काम १९९८ मध्ये आलेल्या ‘ॲप्ट’ने डेबियनसाठी केले. रेड हॅटच्या घराण्यात ते पुढे ‘यम’ने आणि नंतर ‘डीएनएफ’ने केले. आज सर्व्हर सांभाळणारा माणूस एक ओळ टंकतो आणि पॅकेज मॅनेजर दूरच्या भांडारातून योग्य गठ्ठे आणतो. प्रत्येक भांडाराच्या यादीवर किंवा गठ्ठ्यावर गणिती सही असते. वाटेत कोणी गठ्ठा बदलला, तर सही जुळत नाही आणि पॅकेज मॅनेजर तो बसवण्यास नकार देतो.

चाती बदलली की माळही बदलते

वर्ध्यात १९३८ साली सुरू झालेल्या मगन संग्रहालयात आपण विद्यार्थ्यांना नेले असेल. तेथील चरखा आठवा. चातीवरची लहान चकरी, मोठे चाक आणि त्या दोघांना जोडणारी माळ हे तिन्ही भाग एकमेकांना धरून असतात. नवी चाती आणली आणि तिच्या चकरीची खाच रुंद निघाली, तर जुनी माळ घसरते. जाड माळ आणावी, तर ती मोठ्या चाकाच्या खाचेत बसत नाही. एक भाग सुधारायला गेलो आणि तीन बदलावे लागले, असा अनुभव येतो.

आज्ञावल्यांत यालाच अवलंबन म्हणतात. समजा, आपल्या रुग्णालयातील साठवणीच्या नव्या आवृत्तीला ‘ग’ या सामायिक भागाची तिसरी आवृत्ती हवी आहे. पण प्रयोगशाळेचे अहवाल छापणारी आज्ञावली ‘ग’च्या दुसऱ्या आवृत्तीवरच चालते. आता दोघींचे एकाच संगणकावर जमणार नाही. पॅकेज मॅनेजर अशा वेळी दोनांपैकी एक गोष्ट करतो. एकतर तो थांबतो आणि अडचण सांगतो, नाहीतर ‘अहवालाची आज्ञावली काढून टाकतो, चालेल का?’ असे विचारतो. घाईने ‘होय’ म्हटले, तर साठवण नवी होते आणि सकाळी अहवाल छापले जात नाहीत. म्हणून होकार देण्यापूर्वी ‘काय काय काढले जाणार’ ही यादी ओळ न ओळ वाचावी, हा या धंद्यातला पहिला नियम आहे.

हे कोडे संगणकालाही सोपे नाही. वीस पॅकेजे असली आणि प्रत्येकाच्या दोनच आवृत्त्या असल्या, तरी निवडीचे प्रकार दोनाचा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६ होतात. प्रत्यक्ष सर्व्हरवर शेकडो पॅकेजे असतात. म्हणून डीएनएफसारखी साधने सर्व जोड्या तपासत बसत नाहीत. ‘हे असेल तर ते हवेच’ अशी तर्काची विधाने मांडून ती एकाच वेळी खरी ठरतील अशी निवड शोधतात.

येथवरची सारी किमया पॅकेज मॅनेजरची आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच्या नोंदवहीत फक्त आज्ञावल्यांच्या फाइली आहेत. रुग्णाचा केसपेपर त्या नोंदवहीत कोठेच नाही. तो कोणत्या डिस्कवर आहे, त्याच्या किती प्रती आहेत, यातील काहीही पॅकेज मॅनेजरला ठाऊक नसते.

तीन प्रती आणि वर्गाचा मॉनिटर

आपल्या कल्पित रुग्णालयात ‘सेफ’ ही मुक्त साठवण-आज्ञावली आहे असे धरू. अमेरिकेतील सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सेज वाइल या विद्यार्थ्याने पीएचडीच्या संशोधनातून ती घडवली. ‘सेफॅलोपॉड’ या माखलीच्या वर्गावरून तिचे नाव पडले आणि तिच्या आवृत्त्यांनाही इंग्रजी वर्णक्रमाने समुद्राशी नाते सांगणारी नावे देतात. २०२२ ची क्विन्सी, २०२३ ची रीफ, २०२४ ची स्क्विड. जिनेव्हाजवळील सर्न ही अणुकण-संशोधन संस्थाही २०१३ पासून सेफ वापरते.

सेफची रीत अशी आहे. प्रत्येक नोंदीच्या साधारणपणे तीन प्रती करायच्या आणि त्या तीन वेगळ्या सर्व्हरांवर ठेवायच्या. एक सर्व्हर बंद पडला तरी दोन प्रती उरतात आणि काम चालू राहते. दोन बंद पडले आणि एकच प्रत उरली, तर नेहमीच्या मांडणीत सेफ त्या नोंदीचे वाचन-लेखन थांबवते. उरलेल्या एकमेव प्रतीवर जोखीम घेण्यापेक्षा थांबलेले बरे, असे हे धोरण आहे.

कोणता सर्व्हर जिवंत, कोणता बंद, कोणती नोंद कोठे, याचा नकाशा सांभाळणारे छोटे प्रोग्राम असतात. त्यांना सेफमध्येही ‘मॉनिटर’च म्हणतात. आपल्या वर्गातल्या मॉनिटरसारखेच त्यांचे काम असते, फक्त येथे तीन किंवा पाच मॉनिटर असतात आणि निर्णय बहुमताने होतो. विषम संख्या का, हे विद्यार्थ्यांना विचारण्याजोगे आहे. तिघांचे बहुमत दोन, म्हणून एक गैरहजर चालतो. चौघांचे बहुमत तीन, म्हणजे तेथेही एकच गैरहजर चालतो. चौथ्याने काहीच फायदा झाला नाही. पाच केले तर मात्र दोन गैरहजर चालतात.

दुसऱ्या प्रकारच्या साठवण-आज्ञावल्या लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, आपला भाग घालून काम करतात. ‘व्हेरिटास’ची साठवण-व्यवस्था या प्रकारची. या कंपनीचे मोठे संशोधन-विकास केंद्र पुण्यात होते आणि महाराष्ट्रातील कितीतरी अभियंत्यांनी तेथे काम केले. २०२४ मध्ये कंपनीची विभागणी होऊन ही आज्ञावली आर्क्टेरा या नव्या कंपनीकडे गेली. अशा आज्ञावलीचा गाभ्यातील भाग आणि कर्नेलची आवृत्ती यांचा मेळ बसावा लागतो. कोणी सहज ‘सगळे नवे करा’ अशी आज्ञा दिली आणि कर्नेलही नवा झाला, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो भाग चढतच नाही. डिस्क जागेवर असते, तिच्यातील नोंदीही असतात, पण त्या दिसत नाहीत. म्हणून अशा सर्व्हरवर कर्नेलचे पॅकेज ‘रोखून’ ठेवतात. ही सोय पॅकेज मॅनेजरमध्येच असते.

एकेक करून

आता प्रत्यक्ष बदल पाहू या. वर्धा आणि सेवाग्राम या स्थानकांतून मुंबई–नागपूर आणि नागपूर–बल्लारशाह मार्गांच्या गाड्या जातात. तेथे रूळ बदलायचे असले, तर रेल्वे सारा मार्ग महिनाभर बंद करीत नाही. एका रुळावर ठरावीक वेळेचा ‘ब्लॉक’ घेते, गाड्या दुसऱ्यावरून हळू सोडते, काम तपासते आणि मगच पुढचा तुकडा हाती घेते. साठवणीतही हेच करतात.

आधी प्रकृती तपासतात. सेफला तिची तब्येत विचारता येते आणि उत्तर ‘ठीक’ असेल तरच हात घालायचा. एखादी डिस्क आधीच आजारी असेल, तर ती बरी होईपर्यंत बदल पुढे ढकलायचा.

मग सेफला एक सूचना द्यायची, तिला ‘नो-आउट’ म्हणतात. तिचे कारण एका गणिताने कळेल. एखादी डिस्क बंद दिसली, की सेफ नेहमीच्या मांडणीत १० मिनिटे वाट पाहते. त्यानंतर ती डिस्क गेलीच असे समजून तिच्यावरील साऱ्या नोंदींच्या नव्या प्रती, जागा मिळेल तेथे, करू लागते. डिस्कवर ८ टेराबाइट माहिती आहे आणि जाळ्याचा वेग सेकंदाला १ गिगाबिट आहे असे समजू. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ६४ लाख कोटी बिट पाठवायचे. सेकंदाला १०० कोटी बिट या वेगाने ६४,००० सेकंद लागतील, म्हणजे जवळजवळ १८ तास. आपण सर्व्हर पंधरा मिनिटांसाठी बंद केला आणि त्यासाठी जाळे १८ तास गुंतले, असा प्रकार होऊ नये म्हणून ‘हा लगेच परत येणार आहे, प्रती करू नका’ असे आधीच सांगायचे.

आता क्रम. प्रथम मॉनिटर, तेही एकेक. त्यानंतर व्यवस्थापक प्रोग्राम. मग डिस्क सांभाळणारे प्रोग्राम, एका वेळी एका सर्व्हरवरचे. शेवटी बाहेरच्या आज्ञावल्यांना फाइली पुरवणारे भाग. मॉनिटर आधी का? कारण साऱ्यांचे बोलणे मॉनिटरला समजावे लागते. नव्या मॉनिटरला जुन्या डिस्क-प्रोग्रामची भाषा येते. पण जुन्या मॉनिटरला नव्याची भाषा येईलच याची खात्री नसते.

येथे नवख्या माणसाची एक फसगत होते. पॅकेज मॅनेजर ‘बसवले’ असे सांगतो, पण साठवण जुनीच चाललेली असते. लिनक्समध्ये चालू असलेला प्रोग्राम स्मृतीत असतो. डिस्कवरची फाइल बदलली तरी तो बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत जुनाच राहतो. म्हणून बसवणे ही एक पायरी आणि पुन्हा सुरू करणे ही दुसरी. कोण कोणती आवृत्ती चालवीत आहे, हे सेफलाच विचारून पाहावे लागते.

पहिला सर्व्हर पुन्हा सुरू झाला, की त्याच्या गैरहजेरीत बदललेल्या नोंदी तो इतर दोघांकडून मागून घेतो. वर्गात दोन दिवस न आलेला मुलगा मित्राच्या वहीवरून उतरवून घेतो, तसेच हे. ते उतरवणे पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या सर्व्हरला हात लावायचा नाही. या नियमावर रुग्णालयाची सारी मदार आहे. घाईने दुसरा बंद केला, तर नुकत्याच केलेल्या नोंदींची पूर्ण अशी एकच प्रत हाताशी राहते, सेफ तेथे थांबते आणि नोंदणीच्या खिडकीवरची रांगही थांबते. रात्री आपोआप नवी पॅकेजे बसवून सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची सोय लिनक्समध्ये आहे. एकट्या संगणकाला ती उपयोगी असते. पण तिन्ही सर्व्हरांवर ती एकाच वेळेला लावली, तर आज्ञेत चूक नसूनही तिघे एकदम बंद पडतील.

परतीचा रस्ता

समजा, नवी आवृत्ती बरोबर चालली नाही. जुनी परत बसवता येईल का? पॅकेज मॅनेजर जुना गठ्ठा आणून देईल. पण तोवर नव्या आवृत्तीने डिस्कवरच्या नोंदींची मांडणी बदललेली असू शकते. नव्या लिपीत लिहिलेली वही जुन्या आवृत्तीला वाचता येत नाही. सेफमध्ये एकदा आवृत्ती वाढवल्यावर मागे फिरण्याची हमी नाही. सर्व डिस्क-प्रोग्राम नवे झाल्यावर ‘आता येथून पुढे जुन्या आवृत्तीला प्रवेश नाही’ अशी आज्ञा देतात, तेव्हा तर दार बंदच होते. पुढे जातानाही एका उडीत फार तर दोन आवृत्त्या ओलांडता येतात. क्विन्सीवरून स्क्विडवर थेट जाता येते, त्यामागच्या पॅसिफिकवरून जाता येत नाही.

म्हणून वेगळ्या जागी राखीव प्रत हवी. तीन सर्व्हरांवरच्या तीन प्रती म्हणजे राखीव प्रत नव्हे, कारण चुकीची आज्ञा तिन्ही प्रतींवर सारखीच लागू होते. आणि राखीव प्रत आहे एवढे म्हणून भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. राखीव प्रतींकडे वळल्यावर रोजच्या राखीव प्रतींची जागा रिकामी निघाली. प्रत घेणारे साधन माहितीसाठ्याच्या जुन्या, ९.२ या आवृत्तीचे होते आणि साठा ९.६ चा होता. त्यामुळे ते काम दर वेळी फसत होते आणि तसे कळवणारी पत्रे पोहोचतच नव्हती. सुदैवाने त्याच दिवशी दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली आणि सहा तासांच्या नोंदींवर निभावले. कंपनीने हा सारा वृत्तान्त स्वतःच प्रसिद्ध केला. पॅकेजच्या आवृत्तीतला मेळ चुकला की काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे. राखीव प्रतीतून एखादी नोंद खरोखर परत काढून पाहिली, तरच ती प्रत आहे असे मानावे.

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी हे सारे वर्गात दाखवता येते. पाच मुलांना पुढे बोलवा. तिघे साठवण, एक लेखनिक, एक पॅकेज मॅनेजर. लेखनिक दर अर्ध्या मिनिटाला एक शब्द मोठ्याने सांगेल आणि तिघेही तो आपापल्या वहीत लिहितील. पॅकेज मॅनेजरचे काम म्हणजे तिघांच्या पेन्सिली काढून घेऊन पेन देणे. मात्र पेन घेण्यासाठी प्रत्येकाने वर्गाबाहेर जाऊन यायचे. किमान दोघे लिहीत असतील तरच लेखनिकाने पुढचा शब्द सांगायचा. परत आलेल्याने राहिलेले शब्द शेजाऱ्याच्या वहीवरून उतरवायचे, मगच पुढच्याने बाहेर जायचे.

पहिल्या फेरीत नियम पाळा. शेवटी तिन्ही वह्या तंतोतंत सारख्या निघतील आणि लेखनिक एकदाही थांबलेला नसेल. दुसऱ्या फेरीत उतरवून होण्याआधीच दुसऱ्याला बाहेर पाठवा. लेखनिक कोठे अडला आणि कोणता शब्द त्या क्षणी एकाच वहीत उरला होता, हे मुलांनाच शोधू द्या. वरच्या वर्गात चिठ्ठ्यांवर पॅकेजांची नावे आणि बाण काढून ‘कोण आधी, कोण नंतर’ असा क्रम लावण्यास सांगावे. बाणांचे वर्तुळ झाले तर क्रम लागतच नाही, हे त्यांच्या आपोआप लक्षात येईल.

खेळ संपल्यावर एक प्रश्न विचारावा. पॅकेज मॅनेजर झालेल्या मुलाने आपले काम दोन्ही फेऱ्यांत सारखेच आणि बिनचूक केले. मग दुसऱ्या फेरीत लेखनिक का थांबला? याचे उत्तर मुलांना देता आले, तर वह्या कोणाच्या भरवशावर होत्या हेही त्यांना समजले असे मानायला हरकत नाही. साधन पेन बदलून देते. वह्या सांभाळायच्या त्या क्रम ठरवणाऱ्या आणि वाट पाहणाऱ्या माणसानेच.